परसातली बाग आणि लेकरांच्या हातचे रंग



लेकरू रंगाचे खडू घेऊन बसलं की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "अरे, अभ्यास कर. हे काय चितारत बसलास!" बहुतेक घरांत असंच होतं. या धड्यात आपण त्या चितारण्याबद्दलच बोलणार आहोत. घरामागची बाग आणि त्या बागेत आपली माणसं, असं चित्र लेकरांबरोबर बसून कसं रंगवावं, ते पाहू.

तुम्ही म्हणाल, "आम्ही आत्ता कुठं अक्षरं गिरवायला शिकलो. चित्र आम्हाला कुठलं जमायचं?"

जमतं. आणि का जमतं तेही सांगतो. तुमचं पोर शाळेत जातं. ते तुमच्यापेक्षा भराभर वाचतं. तुम्ही जोडाक्षराला अडलात की ते शेजारून सांगतं. त्यात कमीपणा काही नाही. पण बागेचं चित्र रंगवायला बसलात की पारडं फिरतं. वांग्याचं फूल कोणत्या रंगाचं? दोडक्याचं फूल केव्हा उमलतं? हे पोराला पुस्तकात चटकन सापडत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे पोरगं विचारतं आणि तुम्ही सांगता. ज्यांनी शाळेचं तोंड उशिरा पाहिलं, त्या आईबापांसाठी ही लहान गोष्ट नाही.

रंगवल्याने काय होतं?

पहिली गोष्ट हाताची. ज्या हाताने जन्मभर खुरपं आणि विळा धरला, तो हात पेन्सिलही तशीच आवळून धरतो. मग टोक मोडतं, कागद फाटतो, मनगट दुखून येतं. रंगाचा खडू हलक्या हाताने फिरवावा लागतो. चार चित्रं रंगवली की हात सैल पडतो. मग अक्षरही सुटसुटीत येऊ लागतं. लहान लेकराचंही असंच आहे. दोन-तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं. हळूहळू ते तीन बोटांत धरायला शिकतं. ही बोटं तयार झाली म्हणजे पुढे पाटीवर अक्षर उमटतं.

दुसरी गोष्ट डोळ्याची. चित्र काढायचं म्हटलं की नीट पाहावं लागतं. रोज ज्या शेवग्याखालून जातो, त्याचं पान कसं आहे हे आपण कधी थांबून पाहिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट बोलण्याची. दिवसभर आपण लेकरांशी काय बोलतो? "जेव." "झोप." "पाणी आण." "गप बस." खडू हातात घेऊन शेजारी बसलं की वेगळं बोलणं निघतं. पोरगं आपणहून सांगू लागतं.

आणि ज्यांना फायदातोटा पाहायचा आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावं. आपल्या राज्यात शाळेच्या मुलांसाठी सरकारच्या चित्रकलेच्या दोन परीक्षा आहेत. पहिली एलिमेंटरी, दुसरी इंटरमिजिएट. चित्रकलेच्या गुणांचा दहावीच्या निकालात उपयोग होतो. त्याचे नियम शाळेत विचारून घ्यावेत. तरीपण गुणांसाठी म्हणून लहान लेकराला रंगवायला बसवू नका. त्याची गोडी निघून जाते.

चित्रातली बाग कोणाची?

बाजारात रंगवायची पुस्तकं मिळतात. त्यांत आधीच रेषा काढलेल्या असतात. आपण फक्त रंग भरायचा. त्यात बागेचं चित्र हमखास असतं. मऊ हिरवळ, गुलाबाचे ताटवे, एक झोपाळा. बाप खुर्चीवर पेपर वाचतो. आई हातात झारी घेऊन हसते. दोन मुलं चेंडू खेळतात.

पुस्तक वाईट नाही. हात बसायला त्याचा उपयोग होतो. पण ती बाग आपली नव्हे. नांदेड-लातूरकडच्या घरामागचं परस आठवा. न्हाणीचं पाणी चरातून जातं. त्या पाण्यावर आळवाची पानं आणि एखादी केळ पोसते. कुडाच्या कुंपणावर वालाचा किंवा दोडक्याचा वेल चढलेला असतो. कोपऱ्यात शेवगा. दारापाशी तुळस. एका वाफ्यात मेथी, कोथिंबीर आणि चार मिरच्यांची झाडं. दोरीवर लुगडं वाळत असतं. खाली कोंबडी माती उकरते. शेळी दाव्याला ओढ देत वेलाकडे मान लांब करते.

हे चित्र कुठल्या पुस्तकात छापलेलं मिळायचं नाही. ते आपल्यालाच काढावं लागेल.

त्यात माणसंही आपलीच घाला. प्रत्येकाच्या हातात काम द्या. पाणी कोण आणतं? निंदतं कोण? भाजी कोण तोडतं? असं विचारत गेलात की एक गोष्ट ध्यानात येईल. बहुतेक चित्रांत घागर माय आणि लेकीच्या डोक्यावर असते. पोरगा खेळताना असतो. लेकरू दिसतं तेच काढतं. ते पाहून घरात चार शब्द बोलणं झालं, तर चित्राचं काम झालं म्हणायचं.

आधी पाहा, मग रंगवा

कागद घेण्याआधी लेकरांना घेऊन परसात एक चक्कर मारा. त्यांना विचारा, "हिरवा रंग किती तऱ्हेचा आहे?" पोरगं म्हणेल, "हिरवा म्हणजे हिरवा." मग एकेक पान हातात द्या.

मेथीचं पान कोवळं, फिकट. मिरचीचं पान गडद आणि चकचकीत. वांग्याचं पान भुरकट, लव असलेलं, धूळ बसल्यासारखं. केळीचं नवं पान पोपटी, जुनं पान गर्द. चैत्रात पिंपळाला आणि आंब्याला पालवी फुटते. ती हिरवी नसते, तांबूस असते. तुळशीतही एक जात हिरव्या पानांची, तर दुसरी काळसर जांभळ्या पानांची. झाली की नाही अर्धा डझन पानं! आणि आपण सगळ्यांना एकच हिरवा खडू फिरवत होतो.

आता फुलं पाहा. वांग्याचं फूल जांभळं, मधे पिवळे केसर. भेंडीचं फिकट पिवळं, आणि आत गडद ठिपका. मिरचीचं पांढरं, खाली मान घातलेलं. टोमॅटोचं आणि कारल्याचं पिवळं. शेवग्याचं दुधी रंगाचं. दुधी भोपळ्याचं फूल पांढरं असतं आणि संध्याकाळी उमलतं. दोडक्याचं पिवळं, तेही दिवस कलल्यावर उमलतं. लाल भोपळ्याचं मोठं पिवळंधमक फूल मात्र सकाळी उघडतं. म्हणजे चित्रात दोडक्याची फुलं उमललेली दाखवलीत, तर आकाश संध्याकाळचं रंगवावं लागेल. हे कुणाला ठाऊक? रोज वेलाला पाणी घालणाऱ्या मायला.

मातीसुद्धा एका रंगाची नसते. आपली काळी जमीन वाळली की राखाडी दिसते. तिला भेगा पडतात. पाणी मिळालं की ती काळीभोर होते. नुकतं पाणी दिलेला वाफा आणि कोरडा वाफा शेजारी शेजारी रंगवून पाहा.

सावलीही पाहा. सकाळी सावली पश्चिमेकडे लांब पडते. दुपारी ती झाडाच्या पायाशी गोळा होते. सावली एका बाजूला लांब दाखवली की चित्रात ऊन पडल्यासारखं वाटतं.

रंगांची नावं

आपल्या भाषेत रंगांना नावं दिली ती बागेने, रानाने आणि पाखरांनी. जांभळासारखा तो जांभळा. पोपटासारखा तो पोपटी. राखेसारखा राखाडी. केशरासारखा केशरी. तपकिरीसारखा तपकिरी. डाळिंबी, अंजिरी, बदामी, अबोली, मोरपंखी, आकाशी. ही नावं तुम्ही लुगड्याच्या दुकानात कितीतरी वेळा घेतली असतील. कुसुंबी रंग म्हणजे करडईच्या फुलापासून निघणारा रंग. कुसुंब हे करडईचंच नाव. करडई आपल्या मराठवाड्याचं जुनं पीक आहे. पूर्वी तिच्या पाकळ्यांतून कापड रंगवण्याचा रंग काढत.

लेकरांबरोबर ही नावं कागदावर लिहा. ज्याला जेवढी आठवतील तेवढी. नावासमोर त्या रंगाचा एक ठिपका द्या. वाचणं, लिहिणं आणि रंगवणं एकाच बैठकीत होतं.

रंग घरचे

मेणखडूची पेटी असली तर उत्तम. नसली तरी अडत नाही. आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी बोर्डी नावाचं गाव आहे. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. महागडी खेळणी नव्हती. पानं, बिया, खडे, शिंपले हेच त्यांचं साहित्य. पुढे हे काम कोसबाडला वाढलं. आज गावोगाव आपण अंगणवाडी म्हणतो, त्या नावामागे हा विचार आहे. तेव्हा घरात काय आहे ते आधी बघू.

पिवळा रंग : हळद. नांदेड, हिंगोली, वसमतचा भाग हळदीसाठी नावाजलेला आहे. चिमूटभर हळद पाण्यात कालवली की रंग तयार. मात्र उन्हात तो उडतो. घराला लावायची पिवळी माती, म्हणजे पिवडी, जास्त टिकते.

तांबडा रंग : गेरू किंवा काव. तुळशीवृंदावनाला लावतो तोच.

काळा रंग : दिव्याची काजळी किंवा वाटलेला कोळसा. काजळी मोठ्या माणसाने काढून द्यावी.

पांढरा रंग : तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, किंवा पांढरी माती.

केशरी रंग : पळसाची फुलं. शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो. फुलं पाण्यात उकळली की केशरी पाणी सुटतं.

हिरवा रंग : कोवळं पान थेट कागदावर घासा. रंग उतरतो. काही दिवसांनी तो तपकिरी होतो, पण तेवढं चालतं.

हे रंग कागदाला धरून राहावेत म्हणून बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून थोडा मिसळावा. कुंचला नसेल तर कडुनिंबाची किंवा बांबूची काडी घ्या. तिचं टोक ठेचलं की त्याचे केस सुटतात. झाला कुंचला. कागद म्हणजे लग्नपत्रिकेची किंवा जुन्या कॅलेंडरची मागची बाजू.

लेकरांना एक गंमत दाखवा. कागदावर हळदीचा पट्टा ओढा. वाळला की त्यावर साबणाचं पाणी लावा. पिवळा पट्टा लाल होतो. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल झालेला तुम्ही पाहिलाच असेल. मग त्यावर लिंबू पिळा. पट्टा पुन्हा पिवळा होतो. हळदीतला रंग साबणासारख्या पदार्थाने लाल होतो आणि आंबटाने परत पिवळा होतो. तसंच जास्वंदीची लाल पाकळी कागदावर घासली की जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबू लावलं की तो गुलाबी-लाल होतो. परसात एवढी प्रयोगशाळा पडलेली आहे.

खडूंची पेटी असेल तर रंग एकमेकांत मिसळून पाहा. पिवळ्यावर निळा फिरवला की हिरवा. पिवळ्यावर तांबडा फिरवला की नारिंगी. तांबड्यावर निळा फिरवला की जांभळा. फिका रंग आधी द्यावा, गडद मागून द्यावा. गडदावर फिका रंग दिसत नाही.

जपायच्या गोष्टी

इथे थोडं थांबा आणि नीट वाचा.

शेंदूर लेकरांना रंगवायला देऊ नका. शेंदरात शिसं असतं. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. लेकरं बोट तोंडात घालतात, म्हणून जास्त भीती. दारा-खिडक्यांच्या जुन्या तेली रंगाचे पोपडे खरवडून घेऊ नका. जुन्या तेली रंगांतही शिसं असू शकतं. घरगुती तेली रंगातलं शिसं अगदी कमी ठेवण्याचा नियम आपल्या देशात २०१७ पासून लागू आहे. पण जुनं दार जुन्याच रंगाचं असतं.

चुना देऊ नका. भिजवलेला चुना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. पांढऱ्या रंगासाठी पीठ आहे, माती आहे. चुन्याचं काम नाही.

रंगपंचमीचे सुटे रंगही नकोत. पेटी विकत घेताना तिच्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. लहान मुलांसाठी आहे की नाही, ते त्यावर छापलेलं असतं. आता तुम्हाला वाचता येतं. दुकानदाराच्या तोंडाकडे पाहायचं कारण उरलेलं नाही.

माणूस कसा काढायचा?

"झाड जमेल, पण माणूस?" असं पुष्कळजण म्हणतात. त्यावर एक सोपी युक्ती आहे. पालघर आणि ठाण्याकडच्या डोंगरात वारली लोक राहतात. त्यांच्या घरी लग्न असलं की सुवासिनी बायका गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढतात. ते माणूस कसा काढतात? दोन त्रिकोण. एक उलटा, एक सुलटा, टोकाला टोक लावून. वर एक गोल, ते डोकं. हातापायांना रेषा. संपलं. त्या रेषा वाकवल्या की माणूस पाणी ओढतो, नाचतो, निंदतो. याच कलेतले जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली भारत सरकारने पद्मश्री दिली. ते काही चित्रकलेच्या मोठ्या विद्यालयात शिकले नव्हते. घरच्या भिंतीवर शिकले होते.

तुम्हीही दोन त्रिकोणांनी सुरुवात करा. पुढे तुमचा माणूस तुमच्यासारखा दिसू लागेल.

लेकराचं चित्र कसं वाचावं?

तीन-चार वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा डोक्यालाच पाय काढतं. पोट नसतं. हसू नका. बहुतेक सगळीच मुलं त्या वयात असंच काढतात. पाच-सहा वर्षांचं मूल कागदाच्या खाली एक रेघ ओढतं, ती जमीन. वर निळा पट्टा ओढतं, ते आभाळ. मधली जागा मोकळी. कधी जमिनीतले कांदेही बाहेरून दिसतात. घागरीतलं पाणी बाहेरून दिसतं. ही चूक नव्हे. मूल जे डोळ्याला दिसतं तेवढंच काढत नाही, जे त्याला ठाऊक आहे ते काढतं. कांदा मातीत आहे हे त्याला ठाऊक आहे, मग तो दाखवायला नको?

आणखी एक. मूल आजीला झाडाएवढी मोठी काढतं. आपण म्हणतो, "अशी कुठं आजी असते?" तर याचं उत्तर आपल्या मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ साली शिकारीला आलेल्या एका इंग्रज अंमलदाराच्या ती नजरेस पडली. १९८३ साली त्यांची गणना जगाच्या वारशात झाली. तिथली पुष्कळशी चित्रं सुमारे १५०० वर्षांपूर्वीची आहेत. चिखलात तूस, गवत आणि काड्या कालवून दगडाच्या भिंती लिंपल्या. आपण कूड लिंपतो तशाच. वर पातळ पांढरा लेप दिला. आणि रंग कुठले? गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती, हिरवा दगड. निळा दगड मात्र दूर अफगाणिस्तानातून आला. बाकीचे रंग आपल्याच परसात सापडावेत असे.

त्यातल्या सतराव्या लेण्यात एका घराचं चित्र आहे. गौतम बुद्ध भिक्षापात्र घेऊन आपल्या गावी परत आले आहेत. पुढे त्यांची बायको यशोधरा आणि लेक राहुल उभे आहेत. माय लेकराला पुढे करते आहे. या चित्रात बुद्ध फार मोठे काढले आहेत, आणि माय-लेक त्यांच्यापुढे अगदी लहान. चितारणाऱ्याला माप कळत नव्हतं का? कळत होतं. ज्याचा मान मोठा, त्याला मोठं काढलं. तुमचं लेकरूही तेच करतं. ज्या माणसावर जीव मोठा, ते माणूस कागदावर मोठं.

पण एकाच चित्रावरून निकाल लावू नका. बाप लहान काढला म्हणून बापाने रुसू नये. कधी कागदावर जागाच उरलेली नसते. लेकराला विचारा, "हे कोण? हे काय करायलेत?" ते सांगेल. सांगितलं नाही तर सोडून द्या.

हात धरू नका

रंगवताना मोठ्या माणसाकडून एक गोष्ट हटकून होते. पोरगं रेघेबाहेर जातं आणि आपण त्याचा हात धरतो. "अगं असं नाही, असं कर." मग चित्र सुबक होतं, पण ते पोराचं राहत नाही. पुढच्या वेळी ते म्हणतं, "मला येत नाही, तूच काढून दे."

तुम्ही तुमचा कागद घ्या. लेकराला त्याचा कागद द्या. शेजारी बसा. ते तुमच्याकडे पाहून शिकेल. बोलणं असं असावं :

"माय, कोंबडी कोणत्या रंगाची करू?"

"आपली कोणत्या रंगाची हाय? जा, बघून ये."

"तांबडी हाय. शेपटीला काळं हाय."

"मग झालं तर."

एवढंच. रंग सांगू नका. बघून यायला सांगा.

वाळलेली बाग

एक गोष्ट जरा जपून सांगतो. कधी लेकरू बाग हिरवी काढतच नाही. सगळी तपकिरी काढतं. वेल वाळलेला, माती भेगाळलेली, घागर आडवी. आपण म्हणतो, "असं नको, अशुभ दिसतं. हिरवं कर."

आपल्या मुलखात पाऊस दगा देतो, हे लेकरांना कळतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेगाडीने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला आली. तिच्या दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. अशा दिवसांत घागरींच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पोराने बाग तपकिरी रंगवली, तर त्याने खोटं काय काढलं? त्याने पाहिलं ते काढलं. ते चित्र तसंच राहू द्या. पाऊस पडल्यावर त्याच जागी बसून दुसरं काढा. दोन्ही कागद शेजारी लावा. पाणी काय करतं ते मग कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तसंच, दसरा-दिवाळीनंतर कितीतरी घरांतले आईबाप ऊसतोडीला जातात. लेकरू आजीपाशी राहतं. ते बागेचं चित्र काढतं आणि त्यात मायबाप दोघंही असतात. आजीने म्हणू नये, "ते कुठं इथं हायेत?" ते इथे नाहीत हे लेकराला ठाऊक आहे. ते कागदावर तरी घरी असावेत, एवढंच त्याचं म्हणणं. त्या चित्राची घडी घालून मायबापाला पाठवता आली तर पाठवा. मागे दोन ओळी लिहा. आता तुम्हाला लिहिता येतं. फडावर ते चित्र पोचलं, तर त्याची किंमत मायबापाला विचारावी.

तर सुरुवात अशी करा

१. दिवस कामाचा नको. बाजाराचाही नको. संध्याकाळची घटकाभर वेळ पुरते.

२. आधी परसात चक्कर मारा. प्रत्येकाने एक पान आणि एक फूल पाहून यावं. फूल तोडू नये. पुढे त्याला फळ धरतं.

३. प्रत्येकाला वेगळा कागद. आजी-आजोबांनाही द्या. त्यांना सोडू नका.

४. आधी मोठ्या वस्तू काढा. घर, झाड, कुंपण. मग माणसं. मग कोंबडी, घागर, फुलं. जवळचं मोठं काढा, लांबचं लहान. लेकराने उलटं काढलं तर काढू द्या.

५. फिका रंग आधी, गडद मागून.

६. झाल्यावर प्रत्येक वस्तूखाली तिचं नाव लिहा. वेल. वांगी. आजी. बोकड. ज्याला जेवढं येईल तेवढं. अडलं तर एकमेकांना विचारा.

७. कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. सहीची सवय इथेच लागते.

८. चित्र भिंतीवर लावा. तांदळाच्या खळीने चिकटवलं तरी चालतं. ओल लागणार नाही अशी जागा पाहा.

महिन्याला एक असं चित्र काढलं तर वर्षाला बारा होतात. पुढच्या वर्षी ती काढून पाहा. कोणता वेल कोणत्या महिन्यात फुलला, पाणी केव्हा आटलं, शेवग्याला शेंगा केव्हा लागल्या, ते त्यात सापडेल. लेकराचा हात केवढा सुधारला ते दिसेल. आणि चित्राखालची तुमची स्वतःची अक्षरंही पहिल्यापेक्षा सरळ झालेली दिसतील.